दोनदा पाय मारायचा ब्रेक

आमच्या घरात नवं असं काही नव्हतं, आणि त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आज तर नाहीच नाही. माझी शाळेची पुस्तकं वरच्या मजल्यावरच्या मुलीची. आईचं शिलाई मशीन कुणाच्या तरी मोडलेल्या संसारातलं. पंख्याची पाती एका पंख्याची, मोटर दुसऱ्याची, जाळी कधी मिळालीच नाही. गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे तो संपला की नाही हे आम्हांला कुणी धड सांगितलंच नाही, आणि लालबागमधली आमची अख्खी चाळ हळूहळू जुन्या वस्तूंवर जगायला लागली. गिरगावातली माझी आत्या घरी आली की बसण्याआधी खुर्ची पदरानं पुसायची. मी एकदा तिला म्हटलं, "आत्या, जपून पूस, डाग गेले तर आम्हांला आमची खुर्ची ओळखू यायची नाही." आईनं मला असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला. पण मला अजूनही वाटतं, बरं बोलले.

बाबा गिरणीत साचेखात्यात फिटर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एक साचा बंद पडला की त्याचा चांगला भाग काढून दुसऱ्याला लावायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला, आणि खातं चालू ठेवायचं, ह्यात त्यांचा जन्म गेला. गिरणीचं फाटक बंद झालं ते त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. काही दिवस ते गॅलरीत उभे राहून भोंग्याच्या वेळेला उगाच चप्पल पायात घालायचे आणि मग काढून ठेवायचे. मग एके दिवशी पान्यांची पेटी घेऊन खाली उतरले आणि गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून ताडपत्री टाकून गॅरेज मांडलं. गाड्यांचं त्यांना काही येत नव्हतं. पण नटबोल्ट तर नटबोल्टच, असं म्हणाले.

गिऱ्हाईक आयतंच होतं. गिरणीतून सुटलेली निम्मी माणसं टॅक्सी चालवायला लागली होती, आणि ज्यांच्या हातात त्या काळ्यापिवळ्या गाड्या आल्या त्या गाड्याही कुणीतरी चोखून फेकलेल्याच होत्या. नवे पार्ट घालायची ऐपत कुणाची होती? बाबा भायखळ्याच्या पलीकडे जायचे. तिथे जुन्या गाड्या फोडून त्यांचे भाग विकणाऱ्यांची एक गल्ली होती. उकिडवे बसून ढिगातून एकेक भाग उचलायचे, पान्यानं टिचकी मारायचे, कानाशी धरायचे. पटला तर पिशवीत, नाही तर ढिगात. मी बरोबर असले तर म्हणायचे, "लोखंड बोलता गो. कान होयो." आणि खरंच सांगते, त्यांनी निवडलेला गिअर, डायनॅमो, दरवाजा, रेडिएटर, काहीही कधी फसलं नाही. माणसं दादरहून, माझगावहून आमची ताडपत्री शोधत यायची.

मी शाळा संपवून घरी बसले होते. टायपिंगच्या क्लासची फी भरायची सोय नव्हती, आणि घरी बसून मला आईशी भांडणाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणून गॅरेजात जायला लागले. आधी चहा न्यायला, मग पार्ट रॉकेलमध्ये धुवायला, मग हळूच पाना उचलायला. चाळीतल्या बायका म्हणाल्या, "अगं, मुलीच्या जातीनं गॅरेजात?" मी म्हटलं, "तुमच्या सासवा गिरणीत पाळीवर जात होत्या तेव्हा मुलीची जात कुठे गेली होती?" गाडी चालवायलाही मी तिथेच शिकले, गिरणीच्या भिंतीलगतच्या त्या रिकाम्या पट्ट्यावर, पुढे आणि मागे, पुढे आणि मागे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की जुन्या पार्टांची मला ॲलर्जी नाही. जुनं लोखंड म्हटल्यावर नाक मुरडणारी माणसं भेटली की आजही माझं डोकं फिरतं. ज्याच्या पोटाला चिमटा बसत नाही त्यानं दुसऱ्याला नव्याचं प्रवचन देऊ नये. मी भांडले ते एकाच गोष्टीवरून, आणि भांडले ते माझ्याच बापाशी.

ब्रेकवरून.

गाडीच्या ब्रेकच्या पेडलामागे एक नळकांडं असतं, मास्टर सिलिंडर म्हणतात त्याला. पायाचा दाब तेलातून चारी चाकांपर्यंत पोचवायचं काम त्याचं. आत रबराच्या वाट्या असतात, त्या तेल अडवून धरतात. त्या काळच्या गाड्यांत असं एकच नळकांडं असायचं. ते गेलं की चारी चाकांचा ब्रेक गेला. बाबा हे नळकांडंही भायखळ्याच्या पलीकडून आणायचे. आत गंज चढून खड्डे पडलेले असायचे. बाबा लाकडी काठीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून घासत बसायचे, घासत बसायचे, आणि आरशासारखं करून मला दाखवायचे. मग नव्या रबराच्या वाट्या घालून बसवायचे. हातची कला होती ती, नाही म्हणत नाही. पण घासून घासून नळकांडं आतून रुंद व्हायचं आणि रबर त्यात सैल बसायचं. जोरात पाय मारला तर रबर फुगून चिकटायचं, ब्रेक लागायचा. हळू दाबून धरलं तर तेल बाजूनं निसटायचं आणि पेडल आपलं निवांत खाली खाली जायचं.

ह्याचा इलाज आमच्या गल्लीनं काढला होता. दोनदा पाय मारायचा. एकदा मारला की पेडल बसतं, दुसऱ्यांदा मारला की दाब येतो. आमच्याकडे ब्रेकचं काम केलेला प्रत्येक टॅक्सीवाला दोनदा पाय मारायचा, आणि त्यात काही चुकतंय असं एकालाही वाटायचं नाही. उलट कौतुक. "फिटरची गाडी आहे, तिला दोनदा विचारावं लागतं," असं हसून म्हणायचे. मीही हसायचे. ही सगळी माणसं साच्यांवर घडलेली. प्रत्येक साच्याची आपली एक खोड असते, एकाला डावीकडून थाप मारावी लागते, एकाला सकाळी जरा गोंजारावं लागतं, आणि ज्याला आपल्या साच्याची खोड माहीत तो खरा कामगार. खोड दुरुस्त करायची नसते, सांभाळून घ्यायची असते. गिरणीत हे चालून जायचं, कारण साच्याचा धागा तुटला की साचा आपोआप थांबतो. नुकसान झालं तर कापडाचं.

आमच्या खोलीसमोर, गॅलरीच्या पलीकडे, एक काका राहायचे. नात्याचे नव्हते, पण नात्यापेक्षा जास्त. गिरणीत विणकर होते, आता टॅक्सी चालवायचे. सकाळी ते चाळीतली आठ-दहा पोरं कोंबून दादरच्या शाळेत सोडायचे, दुपारी आणायचे. मीटरवर धंदा मिळो न मिळो, ह्या पोरांच्या फेरीवर त्यांची चूल पेटायची. माझा धाकटा भाऊ त्याच पोरांत, पुढच्या सीटवर, काकांच्या कोपराला चिकटून बसायचा.

त्या गाडीचं नळकांडं गेलं. पेडल एकदम जमिनीला टेकलं, नशीब की गाडी चाळीच्या तोंडाशीच होती. बाबा दुपारपर्यंत भायखळ्याहून दुसरं घेऊन आले, घासलं, आरशासारखं केलं आणि बसवायला घेतलं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि करंगळी आत घातली. गुळगुळीत होतं. पण तळाशी, जिथे काठी पोचत नाही तिथे, नखाला एक खाच लागली.

"बाबा, हे नको बसवू या," मी म्हटलं. "ह्या गाडीला नवंच आणू."

"काय्येक होवचा नाय," बाबा म्हणाले.

"खाच आहे आत."

"प्रत्येकात आसता."

काका बाजूला उभे होते. त्यांना घाई होती, उद्या सकाळी गाडी उभी राहिली तर पोरांचे आईबाप दुसरी टॅक्सी बघणार, आणि एकदा बघितली की परत येत नाहीत. ते म्हणाले, "अगं बाय माझे, मला ठाऊक आहे ना खोड. दोनदा मारीन, तीनदा मारीन."

"आणि तुम्हांला ताप आला, गाडी बदलीवाल्यानं नेली तर? त्याला कोण सांगणार दोनदा मारायचं?"

"मी सांगीन ना."

"आणि पोर मध्ये धावत आलं तर? तेव्हा दोनदा मारायला वेळ देईल ते पोर?"

बाबांनी पाना खाली ठेवला. माझ्यासारखाच त्यांचाही राग नाकाच्या शेंड्यावर. "माका शिकवतंस?" ते म्हणाले. "अख्खो साचेखातो माझ्या हातावर चाललो. एक माणूस जखमी झालो नाय. आणि त्या गाडयेत माझो झील बसता. माझो. माका काळजी नाय?"

तेच तर खरं होतं. दुसऱ्याच्या पोरांच्या जिवाशी खेळून आपलं पोर सांभाळणारा माणूस असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं. बाबांचा आपल्या हातावर इतका विश्वास होता की स्वतःचा मुलगा त्यांनी त्या खाचेवर बसवून पाठवला असता. मला संतापानं रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी जास्तच ताठ होते.

"बसवा," मी म्हटलं. "बसवा, तेल भरा, तेलातली हवा काढा. पण पहिली फेरी मी मारणार. करी रोडच्या पुलावर. आणि तुम्ही बाजूला बसायचं."

काका म्हणाले, "अरे, ही पोरगी आहे की मुकादम?" पण बाबांनी काम पुरं केलं, हात पुसले आणि बाजूच्या सीटवर येऊन बसले. मला वाटतं त्यांना मनापासून वाटत होतं की पाच मिनिटांत मी गप्प होईन.

भर दुपार होती. पूल चढून आम्ही लालबागच्या बाजूचा उतार उतरायला लागलो. मी जोरात ब्रेक मारला. कच्चकन लागला. पुन्हा मारला, पुन्हा लागला. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त खिडकीवर बोटं वाजवली. एवढ्यात खाली रस्ता अडला. पुढे एक बस थांबली, तिच्यामागे गाठोडी लादलेली एक हातगाडी, आणि हातगाडीमागे आम्ही. हातगाडीवाला पुढून गाठोड्यांना पाठ टेकवून गाडी धरून उभा होता. मी ब्रेकवर पाय ठेवला, जसा कुणीही ठेवेल तसा, सहज.

गाडी थांबली. मी पाय दाबून धरला. आणि माझ्या तळव्याखाली पेडल हळूहळू खाली जायला लागलं. आवाज नाही, वास नाही, काही नाही. फक्त पाय खाली चाललेला, आणि पुढची गाठोडी जवळ येत असलेली.

बाबांना कळलं. "पंप मार," ते म्हणाले.

मी मारला नाही.

"पंप मार गो, दोनदा मार."

"नाही मारत," मी म्हटलं. "बदलीवाला आहे मी. मला कुणी सांगितलेलं नाही."

बाबांनी हँडब्रेक ओढला. गाडीनं हातगाडीच्या मागच्या फळीला हलकेच टेकून श्वास सोडल्यासारखं केलं आणि थांबली. हातगाडीवाल्यानं मागे वळून माझ्या सात पिढ्यांची खबर घेतली. घेऊ दे, त्याचा हक्कच होता. त्यानंतर कित्येकांनी मला सुनावलं, तू वेडी आहेस, माणूस मेला असता तर? पण त्या उतारावर हँडब्रेक होता, हाताशी बाबा होते, आणि गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आत पोरं असती आणि गाडी भरधाव असती. मला तेव्हाही पंप मारायचा नव्हता, आज नेऊन बसवलंत तर आजही मारणार नाही.

मागून हॉर्न वाजत होते. बाबा हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून बसले होते, जणू सोडला तर काहीतरी निसटेल. मग ते स्वतःशीच म्हणाले, "साचो असतो तर थांबलो असतो."

गाडी मी हँडब्रेकवरच गॅरेजात आणली. बाबांनी नळकांडं काढलं, घणानं ठेचलं, जेणेकरून भायखळ्याच्या ढिगात ते परत जाऊन दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये. मग खाली मातीत बसले आणि एकदम म्हणाले, "आता बाकीचे?"

मला आधी कळलंच नाही. बाकीचे म्हणजे ज्या ज्या गाड्यांत त्यांनी असं घासून नळकांडं बसवलं होतं त्या. मी फक्त काकांच्या गाडीपुरती भांडले होते, खरं सांगते, माझ्या डोक्यात तेवढीच एक गाडी होती. बाबांच्या डोक्यात सगळ्या उभ्या राहिल्या. कुठली गाडी कुणाची, कुठल्या स्टँडला लागते, सगळं त्यांना पाठ होतं, गिरणीत साचे पाठ होते तसंच.

मागच्या भिंतीशी बाबांची स्वतःची गाडी उभी होती. म्हणजे गाडी होऊ घातलेली. सांगाडा एकीचा, दरवाजे दुसरीचे, इंजिन तिसरीचं, सगळं बाबांनी निवडून, कान लावून जमवलेलं. ती पुरी झाली की टॅक्सीवाल्याचा बिल्ला घेणार होते, परमिटाचं बघणार होते, मग दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपायची गरज नाही. ती गाडी त्यांनी विकली. ज्यांच्याकडून तुकडे आणले होते त्यांनाच विकली, आणि त्यातून दुकानातली नवी नळकांडी आली. आईला मी घाबरत घाबरत सांगितलं. आई शिलाई मशीन चालवत होती, तिनं पाय थांबवला नाही. म्हणाली, "विकू दे. उभी राहून ती कुणाचं भलं करत होती?" पण त्या दिवशी तिनं शिवलेली बाही उलटी लागली आणि संध्याकाळी तिला ती उसवावी लागली.

पहिलं नवं नळकांडं काकांच्या गाडीला लागलं, पण ते यायला चारपाच दिवस गेले. काका माझ्यावर जाम भडकले होते. "तुझ्या हट्टापायी माझी फेरी जाणार," असं गॅलरीतून ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. मग सकाळी काय केलं ह्या माणसानं, तर सगळी पोरं खाली गोळा केली, दोघांची दप्तरं स्वतःच्या खांद्याला लावली, आणि चालत निघाले दादरला. परळ नाका ओलांडताना हात पसरून ट्रॅफिक अडवायचे म्हणे. पोरांना एवढी मजा आली की गाडी दुरुस्त झाल्यावर माझा भाऊ रुसून बसला. फेरी काही गेली नाही. काका माझ्याशी मात्र गणपती येईपर्यंत बोलले नाहीत, आणि मीही आपणहून बोलले नाही.

बाबा आणि मी रोज निघायचो, पिशवीत नवी नळकांडी घेऊन. दादर, परळ, माझगाव, जिथे जिथे त्यांच्या हातच्या गाड्या लागायच्या तिथे. बाबा स्टँडवर जाऊन चारचौघांत सांगायचे, तुझ्या गाडीचं काम मी वाईट केलंय, गाडी आण, फुकट बदलून देतो. असं बोलायला काय लागतं ते ज्यानं कधी आपल्या कामावर इज्जत कमावली आहे त्यालाच कळेल. काहीजण आले. काहीजण हसले, "फिटर, म्हातारा झालास, पोरीचं ऐकायला लागलास." एकदोघांनी आईवरून शिव्या दिल्या. बातमी आमच्या पुढे पळत होती, आणि ताडपत्रीखाली येणारी गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली. जो स्वतःच्याच चुकीची दवंडी पिटतो त्याच्याकडे कोण जाईल? मला बाबांच्या बाजूनं सगळ्या स्टँडशी भांडावंसं वाटायचं. बाबा म्हणायचे, "गप र्‍हव. तो बरोबर बोलता."

गॅरेज पुढे कसं तगलं ती वेगळी कटकट. तगलं एवढं खरं, आज मी चालवते. दरवाजा जुना हवा? देईन. काच, सीट, डायनॅमो, गिअरबॉक्स, देईन, टिचकी मारून देईन. ब्रेक आणि स्टिअरिंग मात्र नवं, नाही तर रस्ता मोकळा आहे. "मॅडम, ॲडजस्ट करा ना," म्हणणारे रोज येतात. मी ॲडजस्ट करत नाही. आमच्या गरिबीनं आम्हांला पुष्कळ काही घ्यायला लावलं, पण समोरून रस्ता ओलांडणाऱ्याचा जीव आमच्या गरिबीच्या खात्यावर मांडायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. ते कुणाला पटो न पटो.

तेव्हा बदलायची शेवटची गाडी राहिली होती ती बाबांच्याच खात्यातल्या एका माणसाची. साताऱ्याकडचा गडी, गिरणीत बाबांच्या शेजारी काम केलेला, संपात दोघांनी एक विडी अर्धी अर्धी करून ओढलेली. तो आम्हांला टाळत होता. नवं नळकांडं फुकट मिळतंय हे त्याला माहीत होतं, पण गाडी अर्धा दिवसही उभी ठेवायची त्याची तयारी नव्हती. शेवटी एका सकाळी तो भायखळ्याच्या भाजीबाजाराबाहेर सापडला. मागे गिऱ्हाईक बसलेलं होतं, एक बाई आणि तिची शाळेच्या वयाची मुलगी, पायाशी भाजीच्या दोन पिशव्या.

बाबा खिडकीशी वाकले. "आज गाडी दी," म्हणाले. "दुपारपर्यंत परत."

"फिटर, कशाला मागं लागलाईस रं?" तो म्हणाला. "ब्रेक लागतोय की. दोनदा मारतो मी. बायकोपेक्षा जास्त वळखतो हिला."

"तुका माझी शपथ."

"पोटाला काय शपथ घालू का? हो बाजूला, गिऱ्हाईक हाय."

त्यानं इंजिन सुरू केलं. बाबा बाजूला झाले. मला वाटलं, झालं, हरलो आपण. पण ते बोनेटच्या पुढे गेले, धोतर नव्हतं तरी जुन्या सवयीनं पँट मांडीवर जरा वर ओढली, आणि पुढच्या चाकासमोर, भाजीच्या पाल्यात, मांडी घालून बसले.

"काढ गाडी," बाबा म्हणाले. "ब्रेक बरो आसा म्हणतस मा? मग काढ."

त्यानं हॉर्न दाबून धरला. बाजारातली माणसं जमली. मी काही विचार केला नाही, जाऊन बाबांच्या बाजूला बसले. ओला पाला, मिरच्यांचे देठ, खाली सगळा चिखल. बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं, मला वाटलं आता उठवतील. त्यांनी फक्त जरा सरकून मला जागा करून दिली. गाडीचा बंपर माझ्या तोंडासमोर थरथरत होता आणि इंजिनाची गरम हवा अंगावर येत होती. मी इतकी घाबरले होते की बाबांचा हात धरला.

मागचं दार उघडलं. ती बाई खाली उतरली आणि पुढे आली. "काय झालंय?" तिनं विचारलं.

बाबांनी तिला बसल्या बसल्या सांगितलं. दाब कुठून कसा जातो, रबर कसं सैल बसतं, आणि हे काम ह्याच हातांनी केलंय, म्हणून त्यांनी दोन्ही हात उलटे करून तिला दाखवले. काही लपवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग वळून मुलीला खाली उतरवलं, पिशव्या उचलल्या, मुलीचा हात धरला आणि दोघी गर्दीतून वाट काढत निघून गेल्या.

तो खाली उतरला आणि बाबांच्या अंगावर धावून आला. त्याचे डोळे भरले होते. "माझं गिऱ्हाईक घालवलंस तू," तो ओरडला. "सकाळपासनं पहिलं गिऱ्हाईक. कसं गेलं बघ."

"बघितलंय," बाबा म्हणाले. "आपल्या पायान चालत गेला. पोराक घेऊन गेला. मग झाला."

आणि उठले नाहीत. त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात टाकेपर्यंत आम्ही दोघं त्या चाकासमोरच बसून होतो.